दादाने बसवलेला शेवटचा आवाज

"आधी तोंड पाह्य, मंग ओ दे."

हा माझ्या आईचा आवाज. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, पण हे वाक्य कानात अजून तसंच आहे. आमच्या घरात हाक आली की लगेच ओ द्यायची नाही, आधी बाहेर येऊन हाक मारणाऱ्याचं तोंड पाहायचं, असा तिचा नियम होता.

कारण आमचा गुणवंतदादा.

पुढे जे लिहिते आहे ते घडलेलं आहे. पहाटे उठून मी देवासमोर बसते. पूजा होईपर्यंत कोणाशी बोलत नाही. ज्या तोंडाने नाम घ्यायचं त्या तोंडाने खोटं सांगणं मला जमायचं नाही. कोणाला घाबरवायचंही नाही. मी थकले आहे, आणि हे कुठेतरी सांगून टाकावं असं वाटलं, एवढंच.

गाव राजुरा. मागच्या मार्गशीर्षातला गुरुवार. वेळ दिवेलागणीची.

पण आधी दादाबद्दल सांगावं लागेल. आता त्याला कोणी ओळखत नाही.

एके काळी रविवारी संध्याकाळी टीव्हीवर नकलांचा कार्यक्रम लागायचा. त्यात दादा असायचा. मंत्री, बातम्या देणारे, सिनेमातले खलनायक... सगळे त्याच्या गळ्यात राहायचे. थंडीत चालू न होणाऱ्या एसटीचा आवाज काढायचा. मिक्सरचा काढायचा. पण लोक वाट पाहायचे ती त्याच्या कावळ्याची.

कावळा ओरडायचा, आणि मग भाषणाला उभ्या राहिलेल्या पुढाऱ्यासारखा हळूच घसा खाकरायचा.

अख्खी गल्ली आमच्या ओसरीत बसून हसायची.

नवीन आवाज बसवायचा असला की दादा गप्प व्हायचा. कितीतरी दिवस एक शब्द नाही. नुसता ऐकत बसायचा. आम्ही म्हणायचो, आता कोणाची तरी पाळी आली.

माझी पाळी मात्र कधीच आली नाही.

"तुह्या आवाजात पकडाले काईच नाई," म्हणायचा. "तू बोलते का श्वास घेते, तेच समजत नाई."

घरात चहासुद्धा तो बातम्यांच्या आवाजात मागायचा. रुखमावहिनी, म्हणजे दादाची बायको, कातावायची.

"एकडाव तुमच्या आवाजात मांगा ना चहा."

"तो कोनता वो?" दादा विचारायचा. तेही खलनायकाच्या आवाजात.

मग टीव्हीवर दुसरी पोरं आली. दादा राजुऱ्याला परत आला. काही वर्षं गणपतीत बोलावणी यायची, सिमेंट कंपनीच्या कॉलनीत कार्यक्रम व्हायचे. हळूहळू तेही थांबलं. ज्यांच्या तो नकला करायचा ते लोकही विस्मरणात गेले. पोरं विचारायची, हा कोणाचा आवाज आहे काका?

शेवटी घशाचा आजार झाला. नागपूरला ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज कायमचा गेला. शेवटचं वर्ष तो खाटेवर पडून असायचा. हाताने खुणा करायचा. वहिनी त्याच्या ओठांकडे पाहत बसायची.

मागच्या दिवाळीनंतर तो गेला.

दहाव्याला आम्ही वर्धा नदीवर गेलो. पिंड ठेवला. सगळे बाजूला झालो.

कावळा येईना.

ऊन चढलं. नातेवाईक एकेक करून हात जोडून सांगू लागले. तेरवी नीट करू. घराचं छप्पर बदलून देऊ. चुलत पुतण्या प्रफुल माझ्या कानाशी पुटपुटला, "काका वरतीबी कावळ्याईलेच हसवत बसले असन. कोन येते मंग खाली?"

दोघं-तिघं हसले. मलाही हसू आलं.

मग मी पुढे झाले. वहिनीला मूलबाळ नाही. माझे मिस्टर गेले, मुलगा पुण्याला. मी म्हटलं, "दादा, वैनीले मी एकटी ठेवनार नाई. रोज दिवेलागनीले तिच्यापाशी जाईन."

आणि मागून आवाज आला...

काव.

"शिवला, शिवला," सगळे म्हणाले. लोक उन्हाने कावले होते, भराभर गाड्यांकडे निघाले.

मी मात्र नीट पाहिलं. पिंड जसाच्या तसा होता. शीतही हललं नव्हतं. झाडावर काही नव्हतं. नदीवर काही नव्हतं.

आणि त्या ओरडण्यानंतर कोणीतरी... हळूच घसा खाकरला होता.

मी कोणाला बोलले नाही. 

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी वहिनीकडे जायला लागले. माझे देव माझ्या घरी, त्यांना सोडून राहता येत नाही. म्हणून दिवसा इकडे, रात्री तिकडे. वहिनीला माझ्याकडे चला म्हटलं, तर म्हणाली, "ते आले अन् मी नसली तं?"

मला वाटलं, दुःखात माणूस बोलतं असं.

पण थोड्याच दिवसांत मीही ऐकलं.

गॅस बंद असताना कुकरची शिटी.

परसात एसटी सुरू होतेय, होतेय, होत नाही.

आणि एकदा दारातून स्पष्ट आवाज... "गुनवंतराव आहे का घरी?" शेजारच्या मंगरूभाऊंचा. मी दार उघडलं. अंगण रिकामं. मंगरूभाऊ पलीकडे आपल्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते.

वहिनी घाबरली नव्हती. "रोज येते, बाई," ती म्हणाली. "कोनाच्या ना कोनाच्या आवाजात. त्याईचा सोताचा काई येत नाई अजून."

दादाचं घर गावाच्या टोकाला आहे. मागे नाला, आणि नाल्यापलीकडे झुडपी जंगल. त्या हिवाळ्यात तिथे वाघ फिरत होता. संध्याकाळी तिकडे जाऊ नका म्हणून जंगलवाले घरोघरी सांगून गेले होते.

आणि एका संध्याकाळी मी पोचायच्या आत वहिनी नाल्यापाशी सापडली. अनवाणी. मंगरूभाऊंनी हाताला धरून आणली.

मला रडू आलं. "वैनी, आईनं काय सांगतलं होतं? आधी तोंड पाहाचं, मंग ओ द्याची."

ती पायातला काटा काढत होती.

"तोंड पाहालेच तं चालली होती ना, बाई."



मग मी एक नवीन नियम केला. मी म्हटलं, "कोनाचाबी आवाज येऊ द्या, उठू नोका. फक्त मी बोलावलं तं उठजा. बस, माह्याच आवाजाले उठाचं."

वहिनीने मान हलवली.

आणि त्या दिवसापासून सगळं थांबलं.

कुकर नाही. एसटी नाही. हाका नाहीत. मी रोज संध्याकाळी तिथे पोथीचा अध्याय मोठ्याने वाचायचे. देवानेच ऐकलं असं मला वाटलं. घर इतकं शांत झालं, की वाचताना माझाच आवाज मला ऐकू यायचा.

एवढंच वाटायचं, की वहिनीशिवाय आणखी कोणीतरी... ऐकत बसलं आहे.

नवीन आवाज बसवताना दादा गप्प व्हायचा, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

मग तो गुरुवार आला. माझं महालक्ष्मीचं व्रत होतं. हळदीकुंकवाला बायका आल्या, निघायला थोडा उशीर झाला. पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. दार सताड उघडं. खाटेवर वहिनीची शाल.

वहिनी नाही.

मंगरूभाऊ ओट्यावर होते. मला पाहून ते उभेच राहिले.

"तुमी परत काऊन आल्या, बाई? वैनी कुठी आहे?"

"परत म्हनजे?"

"आत्ताच तं घेऊन गेल्या ना तुमी त्याईले. चला वैनी, चला वैनी करत."

"मले पाह्यलं का तुमी?"

त्यांनी नाल्याकडे पाहिलं. "अंधार होता, बाई. आवाज ऐकला. तुमचाच होता. असा... हळू."

आम्ही बॅटरी घेऊन नाल्याकडे पळालो. मंगरूभाऊ ओरडून हाका मारत होते. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मी हाक मारली असती, तर तिला दोन्हीकडून माझाच आवाज आला असता.

नाला ओलांडून वहिनी झुडपांच्या कडेला उभी होती. तिचा उजवा हात पुढे होता... कोणीतरी धरल्यासारखा. समोरच्या झाडीत काहीतरी हललं. मंगरूभाऊंनी बॅटरी मारली. काही दिसलं नाही. नुसता उग्र वास आला. वाघाचा, ते म्हणाले. असेल.

मी वहिनीचा दुसरा हात धरला.

तिने माझ्याकडे पाहिलं. "मघापासून किती बोलून राह्यल्या होत्या तुमी. आता काऊन चूप झाल्या?"

दुसऱ्या दिवशी तिला माझ्या घरी आणून सगळं समजावलं. यापुढे त्या घरात मी एक शब्द बोलणार नाही. पोथी मनात वाचीन. तुम्हाला उठवायचं असेल तर येऊन हाताला हात लावीन. हात लागला तरच मी. आवाज आला तर मी नाही.

"समजते मले," ती म्हणाली. "पन घर लय चूप होईन, बाई."

तेव्हापासून तसंच चाललं आहे. मार्गशीर्ष संपला, माघ संपला. रोज संध्याकाळी जाते. तिच्यासमोर जेवते, तिच्याशेजारी झोपते, बोलत नाही. बाहेरही बोलणं कमी झालं आहे. परवा दुकानात दाणे मागितले, तर माझाच आवाज मला परका वाटला. झोप नीट लागत नाही. पाय दुखतात. देवाला काही मागत नाही, एवढंच म्हणते, की मला उशीर होऊ देऊ नको.

वहिनी वाळत चालली आहे. दाराकडे पाहत बसते. दादाने एकदा स्वतःच्या आवाजात हाक मारावी म्हणून थांबली आहे, हे मला कळतं. पण तो आवाज कसा होता, हे आता मलाही आठवत नाही. आठवायला बसले की बातम्या ऐकू येतात.

एवढं लिहून झालं होतं. आज इथेच थांबणार होते.

आत्ता वहिनीचा फोन आला.

एवढी आनंदात ती किती दिवसांत नव्हती. "बाई," ती म्हणाली, "सांगाचं राह्यलं तुमाले... बरं केलं आज बोलल्या. घर कसं भरल्यासारखं वाटून राह्यलं."

मी विचारलं नाही, की मग हा फोन तुम्ही कोणाला लावला. तिच्याही ते लक्षात आलं नसावं.

फोनमध्ये तिच्या मागून वाचण्याचा आवाज येत होता. हळू, एकसारखा. श्वास घेतल्यासारखा. माझा.

अध्याय आजचाच होता. तो मी आज पहाटे मोठ्याने वाचला होता. माझ्या घरी. दार लावून.

 फोन ठेवला.

बाहेर अजून थोडा उजेड आहे. तुळशीपाशी दिवा ठेवला. दाराला कडी लावली, चपला घातल्या, आणि वहिनीकडे निघाले.