पुसलेली ओळ

"भावोजी, मला फितूर ठरवलंय. येताय का?"

गुणवंतीचा फोन आला तेव्हा उत्तमराव सुजलेले पाय कोमट पाण्यात बुडवून बसले होते. फौजदारकी सुटली, पण लोकांची गाऱ्हाणी काही सुटेनात. शेवटची वर्षं खात्याने सायबरला बसवलं, तेव्हापासून कुणाचा मोबाईल रुसला तरी हाक यांनाच. कुरकुरत पाय पुसले आणि चिंचपोकळीची चाळ गाठली.

प्रकरण असं, की चाळीवर बिल्डर टपला होता. रहिवाशांची समिती वकिलाला ईमेल पाठवायची आणि त्यातलं सगळं बिल्डरला कळायचं. समितीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लिहायची गुणवंती, पासवर्डही तिला एकटीलाच ठाऊक. आज सभेत तिला समितीतून काढणार होते. तिचा नवरा संपात उपाशी राहिला, पण गिरणीची पायरी चढला नाही. त्याच्या बायकोला फितूर म्हणायचं म्हणजे गिरणगावात जितेपणी मारणंच.

जिन्याखालच्या ऑफिसात सेक्रेटरी हेमचंद्र बसले होते.

"व्हायरस शिरला होता," ते म्हणाले. "मी स्वतः सगळं पुसून मशीन कोरं केलं. लगेच, इथंच, हिला पासवर्ड बदलायला लावला. तरी बातमी फुटतेय. मग राहिलं कोण?"

उत्तमराव खुर्चीत टेकले. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या फोटोत गुणवंतीचा नवरा गणपतीपुढे हात जोडून उभा होता.

"वहिनी, हा फोटो परत कोणी लावला?"

"परत कशाला? तो गेलाच नव्हता."

"बरं. शेवटी काय फुटलं?"

"तळमजल्यावाले डळमळीत आहेत, हे. बिल्डरचा माणूस थेट त्यांच्याच दारात गेला."

"ईमेलमध्ये तसं होतं?"

"नव्हतं. 'तळमजल्यावाल्यांचा भरवसा नाही' असं मी लिहिलं, मग बरं दिसेना म्हणून पुसलं. पाठवलंच नाही."

"कुणाला बोललात?"

"देवाशप्पथ नाही."

उत्तमरावांनी बराच वेळ मशीन चाळलं. मग उसासा टाकून म्हणाले, "चला सभेला. एकदाच सांगतो, पुन्हा विचारू नका."

सभा जिन्यासमोरच भरली.

"पुसलेली ओळ वकिलाला दिसली नाही. ईमेल चोरून वाचणाऱ्यालाही दिसली नसती. ती दिसली फक्त बटणं दाबताना पाहणाऱ्याला. मशीनमध्ये तसा प्रोग्रॅम बसलाय. दाबलेलं प्रत्येक अक्षर तो बाहेर धाडतो, नवा पासवर्डसुद्धा."

"म्हणजे पासवर्ड बदलायचाच नाही?" कुणीतरी विचारलं.

"बदलायचा. पण आधी मशीन साफ करायचं, नाहीतर दुसऱ्या चांगल्या मशीनवरून बदलायचा. चोर माळ्यावर बसलाय आणि तुम्ही कुलूप बदलताय! मशीन कोरं केलं असतं तर फोटोही गेला असता. साफ केल्याची थाप कोणी मारली? तिथंच पासवर्ड बदलायला कोणी लावलं? आणि अक्षरं जातात तो ईमेलचा पत्ताही तुमचाच निघाला, हेमचंद्र."

हेमचंद्रांनी मान खाली घातली. "मोठी खोली देतो म्हणाले," ते पुटपुटले. "गुणवंती, तुझ्यासाठीही शब्द टाकला होता मी."

गुणवंती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"खोलीचं राहू द्या. मी नळावर गेले की बायका बादल्या उचलून निघून जायच्या. तुम्ही समोरच उभे असायचात. तेव्हा एक शब्द टाकायचात की."