दुसऱ्याच्या वाटची भूक

या हो, पुढे सरकून बसा. कीर्तनात मागे बसणाऱ्याला बुक्का उशिरा मिळतो. आज एका श्वासाची गोष्ट सांगते. पुढच्या काळातली आहे, पण माणसं आपलीच आहेत.

समुद्र चढला, खाडीकाठची भातशेती खारी झाली, तेव्हा अन्नाच्या हक्काचा नवा कायदा आला. घराघराला माणशी धान्य, आणि कुणाच्या श्वासात भूक दिसली तर दुसऱ्या दिवशी वाढीव धान्याची गाडी. त्यासाठी प्रत्येक उंबऱ्याशी एक श्वासमापक बसवला होता.

कणकवलीच्या प्रयोगशाळेत डॉ. शर्वाणी केळुसकर कपाळाला हात लावून बसली होती. "सर, माथेवाडीची भूक संपतच नाही. धान्य जातंय, तरी निम्मं गाव उपाशी!"

तिचे वरिष्ठ, डॉ. झुबेर मुकादम, कपात चहा ओतत म्हणाले, "मापक बिघडले असतील."

"दोनदा बदलले. पोटात अन्न नसलं की शरीर साठवलेली चरबी जाळतं, आणि त्या जळण्याचा वास श्वासात उतरतो. त्याचं नाटक करता येत नाही."

"मग एकादशी असेल. रमजानात तुझं यंत्र माझ्या दारात गाडी धाडत होतं, विसरलीस?"

"एकादशीला साबुदाणा असतो, सर, बटाटा असतो. एकादशी अन् दुप्पट खाशी! त्या श्वासात भूक कुठून येणार? ही माणसं काहीच खात नाहीत. आणि रोज वेगळी."

मुकादमांनी कप खाली ठेवला. "म्हणजे पाळ्या लावल्यात. वाढीव धान्य विकत असतील. जाऊन बघ. लबाडी निघाली तर पुरवठा बंद करावा लागेल."

माथेवाडी उंच सड्यावर, काळ्या कातळाच्या पठारावर. शर्वाणी पोचली तेव्हा पहिल्याच घरी, आनंदीबाई परबांच्या पडवीत, चार अनोळखी माणसं जेवत होती. त्यांत एक गरोदर बाई. आनंदीबाई वाढत होत्या; ओठ सुकलेले.

"ये गो बाय, पेज घे. शहरातली दिसतंस, कातळावर पाय भाजले असतीत."

"तुम्ही जेवलात?"

"माजो उपास."

"आज कसला उपास?"

"आज फिरदोसचो," म्हणत त्यांनी त्या गरोदर बाईच्या पानात भाताचा आणखी एक डाव वाढला.

"नको म्हणते मी, तरी ऐकत नाहीत," फिरदोस मान खाली घालून म्हणाली. तिचं गाव खाडीत बुडालं होतं. घराबरोबर उंबरा गेला, उंबऱ्याबरोबर मापक. नवं घर उभं राहीपर्यंत तिचा श्वास यंत्राच्या लेखी नव्हताच.

"तू जेव. तुका दोघांचा जेवायचा आसा." आनंदीबाई शर्वाणीकडे वळल्या. "तिचो श्वास तुमचा यंत्र घेणा नाय, माजो घेता. मी उपाशी रवलंय की गाडी येता. उद्या शेजारणीची पाळी. पोरासाठी आवस उपास करता, घोवासाठी बायल करता. पावणीसाठी केलो तर देव रागावतलो?"

शर्वाणीच्या हातातली पेज निवून गेली. 'लबाडी' हा एक शब्द कळवला की उद्यापासून ही पडवी रिकामी. तिने अंगणात जाऊन फोन लावला.

"सर, यंत्र बरोबर आहे आणि गावही खरं आहे. भूक खरीच आहे. फक्त जिच्या श्वासात दिसते, तिची नाही." तिने फिरदोसची हकिकत सांगितली.

पलीकडे मुकादम बाकीच्या गावांचे आकडे चाळू लागले. मग म्हणाले, "शर्वाणी, खाडीवरच्या सगळ्याच सड्यांवरची गावं अशीच उपाशी दिसतायत. आम्ही म्हणत होतो, तिथली जमीन नापीक."

"आणि बुडालेल्या गावांतली माणसं?"

"ती मुंबईला गेली असं धरून चाललो होतो. तिकडे शोधत होतो. आपल्या यंत्राने ती केव्हाच शोधली होती गं. दुसऱ्याच्या तोंडून."

दुसऱ्या दिवशी नियम बदलून घ्यायला मुकादम स्वतः गेले. हक्क उंबऱ्याचा नव्हे, श्वास घेणाऱ्याचा, असं ठरलं. फिरदोसने पहिल्यांदा मापकात फुंकर घातली, तेव्हा शर्वाणीने आनंदीबाईंना हाताला धरून पाटावर बसवलं आणि स्वतः वाढलं. "पुरे गो, पुरे!" म्हणत त्या पोटभर जेवल्या.

ऐकणाऱ्यांनो, तुम्ही पानावर बसाल, हात जोडाल, देवाचं नाव घ्याल. त्याच्या जोडीला, पहिला घास उचलताना, माथेवाडीच्या आनंदीबाई परबांची तेवढी आठवण काढा.