न हललेल्या बादलीचं काम

नववीतल्या शर्वाणीला चाचणीतल्या एका प्रश्नाने फार छळलं. प्रश्न असा होता : 'एक माणूस दहा किलोची पिशवी हातात धरून वीस मिनिटे एका जागी स्थिर उभा आहे. त्याने पिशवीवर किती कार्य केले?'

शर्वाणीने उत्तर लिहिलं, 'पुष्कळ.' बाईंनी ते खोडून लिहिलं, 'शून्य.'

ते वाचून तिला रडूच आलं. गेले तीन आठवडे ती वजन धरण्याशिवाय दुसरं काय करत होती? बाबा बंदराच्या धक्क्यावर घसरून पडले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रोज तीन वेळा, वीस-वीस मिनिटं त्यांचा पाय उंच धरावा लागे. उशा ठेवल्या की सरकायच्या. आई भर समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या तळावर महिनाभर ड्यूटीवर. त्यामुळे पाय शर्वाणीच धरायची. दंड थरथरायचे, वर्गात डोळे मिटायचे.

त्या सोमवारी रुग्णालयाने एक यंत्रमानव पाठवला. त्याचं नाव टेकू. रंग उडालेला, एका खांद्यावर पोचा. पुढे बरेच रुग्ण वाट बघत असल्यामुळे तो फक्त चार दिवस राहणार होता.

टेकूने बाबांचा पाय अलगद उचलून धरला. शर्वाणी भिंतीला टेकून बसली आणि कुरकुरली, "तुझंही काम शून्यच म्हणायचं."

"पाय हलत नाही तोवर शून्यच," टेकू म्हणाला.

"मग मी का दमते?" तिचा आवाज चिरकला. "दमते ते खोटं?"

वीस मिनिटं झाल्यावर टेकूने पाय खाली ठेवला आणि म्हणाला, "एक बादली भरून आण."

तिने कंटाळत बादली आणली. टेकूने ती हातात धरली. कोपरातून खट् असा आवाज आला. "आता माझ्या कोपराची खिट्टी बसली, सांधा अडकला. छातीवरचा काटा बघ. हाताच्या मोटरला किती वीज लागते ते तो दाखवतो."

पाच मिनिटं झाली तरी काटा शून्यावरच.

"आता खिट्टी काढतो. नुसत्या मोटरच्या जोरावर धरतो."

बादली तसूभरही हलली नाही, पण काटा झरझर चढला. थोड्या वेळाने शर्वाणीने टेकूच्या कोपराला हात लावला आणि चटकन मागे घेतला. कोपर तापलं होतं.

"दोन्ही वेळा बादली किती वर गेली?" टेकूने विचारलं.

"जराही नाही."

"कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन (वस्तू आपल्या जागेवरून किती आणि कुठे सरकली ते). बादली सरकलीच नाही. म्हणून बादलीवरचं कार्य शून्य. मग दुसऱ्या वेळची वीज गेली कुठे?"

"तुझ्या कोपरात. उष्णता होऊन."

"तुझ्या दंडाला खिट्टी नाही, शर्वाणी. त्यात हजारो स्नायुतंतू (स्नायूंमधले बारीक धागे) असतात. काही ओढतात, काही सैल होतात, मग पुन्हा ओढतात. हात बाहेरून स्थिर दिसतो, आत मात्र सारखी ओढाताण चाललेली असते. तू जेवलेल्या अन्नातली ऊर्जा तिथे खर्च होते आणि तिची उष्णता होते. पिशवीला त्यातलं काही मिळत नाही."

"म्हणजे बाईंचं बरोबर?"

"हो. आणि तुझं दमणंही खरं. प्रश्न पिशवीबद्दल होता. तुझ्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं."

खाटेवरून बाबा हळूच म्हणाले, "मी विचारायला हवं होतं, बाय."

शर्वाणी दारामागच्या खुंटीवर टांगलेल्या छत्रीकडे बघत राहिली. खुंटीला ना वीज लागत होती, ना जेवण. मग तिची नजर वर तुळईकडे गेली. तिथे झोपाळ्याची लोखंडी कडी होती.

दुसऱ्या दिवशी तिने आईची जुनी सुती साडी कडीतून ओवून झोळी बांधली. रुग्णालयातल्या नर्स फरीदाताईंनी व्हिडिओ कॉलवर ती नीट पाहिली. "गुडघ्याखाली नको, पोटरीखाली घे. अजून वीतभर वर. बोटं निळी पडत नाहीत ना, बघत राहा," म्हणाल्या. शर्वाणीने तीनदा गाठ सोडून पुन्हा बांधली.

गुरुवारी टेकू निघण्याआधी तिने त्याला विचारलं, "माणसाच्या हाताला कधी खिट्टी बसेल?"

"शिंपल्यातल्या जिवाला ती आहे. तिसऱ्या, म्हणजे आपण खातो ते शिंपले, घट्ट मिटून तासन्‌तास राहतात ना? त्यांचा एक स्नायू जणू अडकून बसतो, फार थोडी ऊर्जा लागते. तसे कृत्रिम स्नायू बनवता आले, तर माझ्यासारख्यांना मोटरही नको."

शुक्रवारी संध्याकाळी बाबांचा पाय झोळीत होता. शर्वाणीने बाईंना निरोप पाठवला : 'शिंपल्यातला स्नायू अडकतो म्हणजे नेमकं काय होतं?'

थोड्या वेळाने उत्तर आलं : 'मलाही नीट माहीत नाही. सोमवारी दोघी मिळून शोधू या.'

बाबांनीच ते वाचलं. खाटेच्या कडेला डोकं टेकवून, दोन्ही हात सैल सोडून, शर्वाणी झोपून गेली होती.