बाराव्या महिन्याचा फॉर्म

डोक्याला मार लागून आमच्या हॉस्पिटलात राहिलेल्या लोकांना घरी गेल्यावर तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात फोन करणं, ही माझी नोकरी. फिट आली का, विसरायला होतं का, पुन्हा दाखल व्हावं लागलं का, असे बावीस प्रश्न. उत्तरं देणारे एकजात रडे. नवरा चिडका झाला म्हणून एक बाई पाऊण तास बोलत होती. आधी तो काय देवमाणूस होता? आणि ज्या डॉक्टरांनी हे प्रश्न काढले, त्यांनी एकही फॉर्म उघडून पाहिल्याचं मला आठवत नाही.

म्हणून मी सोय करून घेतली होती. तिसऱ्या महिन्यात एकदाच फोन करायचा आणि त्याच बैठकीत पुढचे दोन्ही फॉर्म तारखांसकट भरून कपाटात ठेवायचे.

यादीत भावोजीही आले. ताईचा नवरा, दुकानांच्या पाट्या बसवणारा, ऊठसूट अक्कल पाजळणारा माणूस. शिडीवरून पडले तेव्हाही खालच्या माणसाला शिडी कशी धरायची ते शिकवत होते म्हणे. मेंदूला इजा झाली हे ऐकून, इजा व्हायला आत होतं काय, असंच माझ्या मनात आलं. मी फोन केला, तर प्रश्न कसे विचारावेत हे तेच मला सांगू लागले.

फोन ठेवून मी फॉर्म भरले. सगळं ठीक लिहिलं की संशय येतो, म्हणून सहाव्या महिन्यासाठी लिहिलं: फिट एकदा, पुन्हा दाखल, चार दिवस, डावा हात बधिर. बाराव्यासाठी लिहिलं: संपर्क होऊ शकला नाही. त्याला तीन प्रयत्नांच्या वेळा द्याव्या लागतात. अकरा दहा, अकरा पंचवीस, अकरा चाळीस. मनात आल्या तशा टाकल्या.

सहा महिने झाले, आणि मी फॉर्मवर टाकलेल्या तारखेलाच भावोजींना फिट आली. अशा रुग्णांना येते. चौथ्या दिवशी त्यांना घरी सोडलं, हेही मी योगायोगात जमा केलं. व्हीलचेअरवर बसून ते उजव्या हाताने डावा हात चोळत होते.

"बधिर झालाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पुढे काय लिहिलंयस?"

कपाटाची किल्ली माझ्याजवळच असते. मी कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

फॉर्म मोजून येतात, नवा मिळत नाही, आणि खाडाखोड केली तर रुग्णाची सही लागते. त्यांच्यापुढे पेन धरून उभं राहायचं, ही कल्पनाच मला सहन होईना. असल्या माणसाच्या बडबडीला घाबरायचं? मी आज-उद्या करत राहिलो, आणि बारावा महिना भरला.

त्या सकाळी फॉर्म घेऊन मी ताईकडे गेलो. मला भीती वाटत होती, हे आता कबूल करतो.

भावोजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मांडीवर फोन. श्वास नीट चालू होता, डोळे उघडे होते.

"आत्ता चहा मागितला यांनी," ताई म्हणाली. "घेऊन आले तर हे असे. हाक मारली तरी ओ देत नाहीत."

मी 'संपर्क होऊ शकला नाही' वर काट मारली. त्यांची माफी मागितली. जन्मात पहिल्यांदा. पेन हातात दिलं, ते बोटांतून खाली पडलं.

मी त्यांचा नंबर लावला. माझ्या कानात रिंग वाजत राहिली. त्यांच्या मांडीवरचा फोन गप्प होता.

ताईने ॲम्ब्युलन्स बोलावली. मी पुन्हा नंबर लावला. तेच.

खांदे धरून हलवलं. ओरडलो. त्यांची नजर माझ्यातून पलीकडे खिडकीवर होती.

तिसऱ्यांदा लावला. रिंग वाजून वाजून थांबली.

"अकरा चाळीस झाले," भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ताई म्हणाली. "गाडी अजून कशी आली नाही?"