दुसऱ्या खेळाडूची वायर

खाली लिहितोय ते शंभर टक्के खरं आहे. पदरचा एक शब्द नाही. घटनेला दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहेत.

त्यातला एक मी. मी तेव्हा भरपेट जेवून पेंगत होतो. दुसरी माझी ताई. तिला चष्मा सापडत नव्हता.

आता विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मध्यरात्र नव्हती. वीजही गेली नव्हती. रविवारची दुपार होती. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईच्या फ्लॅटमध्ये लख्ख ऊन आलं होतं आणि शेजारी कुणीतरी भिंतीला ड्रिल मारत होतं. भुताला येण्याजोगी परिस्थिती अजिबात नव्हती.

तरीही...

भाऊजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दुपारी घरी यायचे, जेवायचे आणि इतर जोडपी आडवी होतात त्या वेळी हे दोघं टीव्हीसमोर बसून कपाट उचलायचे.

म्हणजे गेममध्ये. दोन हमाल, एक अवजड वस्तू, एक इमारत. एक टोक पहिल्या खेळाडूकडे, दुसरं दुसऱ्याकडे. दोघांची पावलं जुळली तर ठीक, नाहीतर वस्तू गडगडत खाली. एकट्याने खेळायची सोयच नाही. संसाराबद्दल इतकं खरं बोलणारा गेम मी दुसरा पाहिला नाही.

गेमचं मशीनही म्हातारं. आतली लेन्स सरकते तो भाग झिजलेला. सरळ ठेवलं की डिस्क वाचायचं नाही. एकदा भाऊजींनी वैतागून ते पालथं घातलं, आणि ते चालू झालं. तेव्हापासून ते पालथंच. ताई त्याला वटवाघूळ म्हणायची.

शेवटची पातळी तेवढी राहिली होती. तीन दारांचं कपाट, पाचवा मजला. भाऊजी दवाखान्यात गेले ते ती अर्धवट टाकून. परत आलेच नाहीत.

त्या रविवारी सकाळी ताईचा फोन आला.

"अरे, वटवाघूळ शेवटच्या घटका मोजतंय. दुरुस्तीवाला म्हणतो लेन्स संपली, पार्ट मिळत नाही. बंद पडायच्या आत मला ते कपाट वर न्यायचंय."

"चिरंजीवांना सांग की."

"तो म्हणतो, आई, नवीन मशीन पाठवतो. नवीन मशीन घेऊन काय करू? हे अर्धं राहिलंय ते त्यात येणार आहे का? तू ये. दुसरं टोक धर."

"ताई, मला घरातल्या कपाटाचं दार नीट लावता येत नाही."

"ते तुझ्या बायकोने सांगितलंय मला. तरी ये."

गेलो. जेवलो. वटवाघळाने बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर डिस्क घेतली.

आमचं कपाट पहिल्या वळणावर पडलं. मग पुन्हा तिथेच. मग त्याच्याही अलीकडे.

"अरे डावीकडे! डावीकडे म्हणजे कुठे, कळतं ना? ज्या हाताने तू काही करत नाहीस तो!"

"ताई, तसा मी कुठल्याच हाताने..."

"तेही खरंच."

शेवटी मी हात टेकले. "जरा डोळा लागू दे," म्हणालो. कंट्रोलर टीपॉयवर ठेवला आणि मागे रेललो.

पडद्यावर दुसरा हमाल वाकला...

त्याने कपाटाचं टोक धरलं.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही पोटावर होते.

"ताई... हे मी नाही करत."

"गप बस. पावलं चुकतील."

कपाट जिना चढू लागलं.

आता मीही थोडाफार शिकलेला माणूस आहे. कंट्रोलरवरची अंगठ्याने फिरवायची काडी झिजली की खेळाडू आपोआप एका बाजूला सरकतो, हे मी ऐकून होतो. मनाची समजूत घातली. काडी झिजली असेल.

पण हा सरकत नव्हता.

वळण आलं की आधी आपलं टोक उंच करत होता. आणि प्रत्येक मजल्यावर कपाट खाली टेकवून... थांबत होता. पडद्यावर वेळेचं घड्याळ धावत असताना या गेममध्ये कुणी थांबत नाही.

"दमलात का?" ताईने विचारलं.

मी "नाही" म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.

मग लक्षात आलं. ताईने मला जन्मात कधी अहो-जाहो केलेलं नाही.

"चला आता. हळूच. अहो, कोपरा सांभाळा!"

माझी झोप उडाली. अशा प्रसंगी सुशिक्षित माणूस करतो तेच मी केलं. पुढे झालो आणि दुसऱ्या कंट्रोलरची वायर मशीनमधून उपटली.

वायर निघाली की खेळ जागच्या जागी थांबतो. कंट्रोलर जोडा, अशी सूचना येते.

मी सूचनेची वाट पाहिली...

आली नाही.

शेजारचं ड्रिलही बंद झालं होतं. कधी, ते कळलं नाही. आवाज फक्त लेन्सचा. टिक्... टिक्...

आणि टीपॉयवरचा कंट्रोलर थरथरला.

कपाट भिंतीला घासलं की तो थरथरतो. पण त्याला लागणारी वीज वायरमधून येते. वायरचं टोक माझ्या मुठीत होतं.

"घासलंत ना?" ताई म्हणाली. रागाने नाही.

पाचवा मजला आला. दार उघडलं. कपाट आत गेलं. कसलीशी फुटकळ धून वाजली.

ताईने कंट्रोलर मांडीवर ठेवला. "झालं हो," म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

मग पडद्यावर प्रश्न आला. जतन करायचं? ताईने "हो" दाबलं. उत्तर आलं, मेमरी कार्डात जागा नाही.

भाऊजी जुन्यावर नवं कधी उतरवत नसत. दर वेळी नवी जागा. "असू दे, ते कशाला पुसायचं?" म्हणायचे. कार्ड काठोकाठ त्यांच्याच दुपारींनी भरलेलं. ही दुपार ठेवायची, तर त्यातली एक पुसायला हवी.

ताईचा अंगठा बटणावर होता.

"कुठली पुसू?" तिने विचारलं.

प्रश्न मला होता असं वाटलं नाही.

ताईने अंगठा बटणावरून उचलला. मग काहीही न पुसता उठली. मशीन पालथं असल्याने बंद करायचं बटण खाली असतं. तिने वटवाघूळ दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि बोटाने चाचपून बटण दाबलं.

पडदा काळा झाला. ड्रिल पुन्हा सुरू झालं.

भाच्याला फोनवर सगळं सांगितलं. "मामा, तुम्ही झोपला होतात," म्हणाला. असेनही. पण हल्ली घरात टेबलावर मोबाईल थरथरला की मी आधी तो चार्जिंगला लावलाय का ते बघतो. लावलेला असला की बरं वाटतं. का, ते बायकोला सांगितलेलं नाही.

ताई मात्र त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. विचारलं की चहा टाकायला उठते.

वटवाघळाने त्यानंतर एकदाही डिस्क वाचलेली नाही. त्याच्या नोंदीप्रमाणे ते कपाट अजून तळमजल्यावरच आहे.