सुंठीतलं हरवलेलं पाणी

चार ग्रॅम पाणी काढून घेतलं. चार ग्रॅम पाणी परत दिलं. मग चुकलं कुठे?

चांद्रतळाच्या स्वयंपाकघरात मापाडी हेच पुन्हा पुन्हा विचारत होता. मापाडी म्हणजे इथला स्वयंपाकी यंत्रमानव. त्याच्यासमोर इलाची आई खोकत बसली होती.

"हा आल्याचा चहा? घसा सोलून निघाला," असं म्हणून तिने कप दूर सारला आणि टेबलावर डोकं टेकलं.

सात आठवडे मालवाहू यान आलं नव्हतं. हवेच्या गाळण्यांत अडकलेली चंद्रधूळ काढून काढून आई थकली होती. जेवणावरची वासनाच उडाली होती. उद्या तिचं वजन करायचं होतं. ते आणखी घटलं तर डॉक्टर तिला एकटीला पृथ्वीवर पाठवणार होते. तीन दिवसांत तिने काही मागितलं, तर तो हा चहा.

"आलं संपलंय, म्हणून सुंठ घेतली," मापाडी म्हणाला. "सुंठ म्हणजे वाळवलेलं आलं. पाच ग्रॅम आल्यात सुमारे चार ग्रॅम पाणी. म्हणून एक ग्रॅम सुंठ पूड चार ग्रॅम पाण्यात भिजवली. झालं आलं!"

"बरोबर तर आहे. हो ना, आबा?" इलाने आजोबांना विचारलं.

आबा रसायनशास्त्रज्ञ होते. तेही दमलेलेच. खुर्चीतून न उठता म्हणाले, "नुसता ओलावा गेला असता, तर बरोबर होतं. आलं तिखट लागतं ते मुख्यतः जिंजेरॉलमुळे (आल्यातला एक तिखट पदार्थ). ऊब देऊन वाळवताना त्याच्या काही रेणूंमधूनच (रेणू म्हणजे पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) पाण्याचा एकेक रेणू निखळतो. उरतो शोगाओल. तो निराळाच पदार्थ, आणि जास्त तिखट."

"मग भिजवल्यावर ते पाणी परत जागेवर बसत नाही?"

"नुसतं भिजवून नाही. भाजलेला पापड भिजवला तर कच्चा होतो का?"

इला विचारात पडली. "म्हणजे सुंठ हे कमी पाण्याचं आलं नाहीच. ती सुंठच."

"हं. तुझ्या आईसारखी. वाळली तशी तिखट झाली."

"ऐकतेय मी, आबा," टेबलावरून आवाज आला.

इलाने चिमूटभर सुंठ घेतली, गूळ-तुपात कालवून बोराएवढी गोळी वळली. "आई, ही आलं समजून खाऊ नकोस."

आईने डोळे न उघडताच गोळी तोंडात टाकली. हळूहळू चघळली. खोकली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "थोडा भात आहे का रे, मापाडी?"

दुसऱ्या दिवशी काटा आदल्याच आकड्यावर थांबला. वजन वाढलं नव्हतं, पण घटलंही नव्हतं. डॉक्टर नुसतेच "बरं" म्हणाले.

आई गाळण्यांकडे निघाली तेव्हा इला पुढच्या यानासाठी यादी लिहीत होती: आलं, कोंब फुटलेलं. अर्धं लावायला, अर्धं वाळवायला.