सुट्टीच्या दिवशीची घंटा

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. पण मामांना विचारायला जाऊ नका. त्यांनी ती मला एकदा सांगितली, आणि सांगून झाल्यावर दोन दिवस जेवले नाहीत.

आणि रात्रीबित्रीची नाही. अंधार नाही, वादळ नाही, ओसाड रस्ता नाही.

दुपारचे तीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन. छापखाना बंद होता, कारण सुट्टी होती.

सुट्टी होती म्हणूनच ते घडलं.

माझे मामा कॅलेंडर तपासतात. भिंतीवर टांगायचं, बारा पानांचं. वर्ष संपत आलं की सरकारकडून पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी येते. कुणाचा सण, कुणाचा उपास, कुणाची पुण्यतिथी. यादीत असेल ती तारीख लाल, नसेल ती काळी. एक तारीख चुकली की पन्नास हजार भिंतींवर चुकली. मामांच्या हातून सव्वीस वर्षांत एकही चुकली नव्हती.

शेवटचं वाचन नेहमी सुट्टीच्या दिवशी. यंत्रं बंद असतात, शब्द नीट ऐकू येतो. या वाचनाला दोन माणसं लागतात. एकजण यादीवरून मोठ्यानं वाचतो, दुसरा प्रुफावर नजर ठेवून खूण करत जातो.

वाचायला मामी यायची.

"लोक सुट्टीला बायकोला फिरायला नेतात," ती फोरमनला ऐकवायची, "आमच्याकडे छापखान्यात नेतात."

"मग काय वहिनी, शाईचा वास फुकट आहे," फोरमन म्हणायचा, आणि किल्ली देऊन घरी जायचा.

मग त्या मागच्या खोलीत दोघंच. एक टेबल, दोन खुर्च्या, एक खिडकी. मामी वाचायची, "तीन, सोमवार, काळी. चार, मंगळवार, लाल." प्रत्येक तारखेनंतर यादीवर पेन्सिलीचं टिंब. पेन्सिलीला टोक करायचा तिला भारी कंटाळा. तिचं टिंब मिऱ्याएवढं जाड पडायचं. महिना संपला की एक छोटासा खोकला, मग पुढचा महिना. आणि मधेच, मामांना चिडवायला, आपणच जुळवलेलं गुणगुणायची:

लाल तारखेच्या दिशी, नको कामाचं निमित्त,
माझ्या उंबऱ्याशी थांबो, तुझं पळतं गं चित्त...

"'गं' कुणाला म्हणतेस?" मामा विचारायचे.

"चित्ताला. तुम्हाला कोण म्हणतंय?"

चेष्टा होती, पण पोटात खरं होतं. साऱ्या गावाला सुट्ट्या वाटणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी कधी घरी नसायचा; बाकीची तपासणीही यंत्रं बंद असतानाच चालायची. शेवटच्या वाचनाचा तो एक दिवस सोडला, तर दिवाणखान्यातल्या कॅलेंडरवर लाल दिसलं की मामी समजायची, आज मी एकटी.

यादीत एक सुट्टी चंद्रावर ठरणारी होती. छापखान्यात तिला नुसतं 'चंद्राची सुट्टी' म्हणत. ती कधी एक दिवस पुढे जायची, कधी मागे. त्या वर्षी मामीनं वाचलं, "मंगळवार, लाल." मामांनी खूण केली. कॅलेंडर छापून झालं, गठ्ठे बांधून झाले.

आणि आठवड्यानं सरकारचं शुद्धिपत्रक आलं. चंद्राची सुट्टी मंगळवारी नाही. बुधवारी.

"छापून झालंय," फोरमन म्हणाला. "आता काय चंद्राला मागे ढकलायचं?"

निदान छापखान्याच्या आणि घरच्या कॅलेंडरवर हातानं दुरुस्ती करायला हवी होती. ते काम मामांचं. उद्या करू म्हणून त्यांनी तो कागद पेपरवेटखाली ठेवला, आणि विसरून गेले.

चार महिन्यांनी, त्या मंगळवारच्या आदल्या संध्याकाळी, मामीच्या छातीत दुखायला लागलं.

"दवाखान्यात जाऊया का?"

"सातला बंद होतो तो. आणि उद्या लाल आहे," ती कॅलेंडरकडे बघत म्हणाली. "परवा जाऊ. पित्त असेल हो. तुम्ही तेवढे उद्या घरी राहा."

मामा राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा, सुट्टीच्या दिवशी.

सकाळी त्यांनी तिला खिडकीशी उशा लावून बसवलं. संत्री सोलून दिली. पत्ते काढले. मामी पत्त्यांत लबाडी करायची, उघड उघड करायची, आणि पकडली की म्हणायची, आजारी माणसाला माफ असतं.

पण घर फार शांत होतं.

सुट्टी, आणि जिन्यात पोरं नाहीत. शेजारचा रेडिओ नाही. वरच्या मजल्यावर पाऊल नाही. सगळ्या दारांना कुलपं... जशी कामाच्या दिवशी असतात.

अकराच्या सुमारास समोरच्या शाळेतून आवाज आला.

टण... टण... टण.

शाळेची घंटा.

मामांचा पत्ता टाकायचा हात हवेतच राहिला. त्यांच्या डोळ्यांपुढे ते पेपरवेट आलं. त्याखालचा कागद दिसला. आज सुट्टी नाहीच. उद्या आहे. दवाखाना या क्षणी उघडा आहे. चालत दहा मिनिटांवर.

त्यांनी मामीकडे पाहिलं. डोळे मिटून तिनं तोंडावर ऊन घेतलं होतं. गालांवर जरा रंग आला होता.

"बरं वाटतंय आज," ती म्हणाली. "तुम्ही आहात म्हणून असेल."

आता कसं सांगायचं? सव्वीस वर्षांत एक चूक, तीही हिच्याच जिवावर. ते मनाशी म्हणाले, संध्याकाळी फिरायच्या निमित्तानं घेऊन जाऊ. कळणारसुद्धा नाही हिला.

आणि त्यांनी पत्ता टाकला.

दुपारी जेवून मामीला झोप लागली. कितीतरी दिवसांनी इतकी गाढ लागली होती. सहा वाजले, साडेसहा वाजले. उठवायला मामांचा जीव धजेना, आणि सात वाजून गेले.

बुधवारी पहाटेच तिला पुन्हा कळ आली. रस्त्यावर एक वाहन नाही. सुट्टी होती ना. दोघं चालत, थांबत, दवाखान्यापर्यंत गेले. दाराला कुलूप. पाटी लटकत होती, 'आज सुट्टी'.

मामी पायरीवर बसली. तिनं पाटी वाचली, आणि हळूच म्हणाली, "बंदच आहे, नाही का?"

तिच्या आवाजात नवल नव्हतं. मामांच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही. ते येणाऱ्या जाणाऱ्याला हाका मारत होते, आणि येणारं जाणारं कुणी नव्हतं.

तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग ते डोकं जड झालं.

वर्ष संपत आलं. नवी यादी आली. फोरमननं वाचायला दुसरं माणूस देऊ केलं, मामा नको म्हणाले. सुट्टीच्या दुपारी एकटेच मागच्या खोलीत बसले. सवयीनं यादीची एक प्रत समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली. तिची बोथट पेन्सिलही ठेवली. मग स्वतःच वाचत, स्वतःच खुणा करत निघाले.

पहिला महिना संपला. मामांनी पान उलटलं.

आणि समोरून...

छोटासा खोकला.

मामांनी वर पाहिलं. खुर्ची रिकामी. खिडकी बंद. त्यांना वाटलं, आपणच खोकलो असू. पुढचा महिना वाचला. महिन्याच्या शेवटी पुन्हा तोच, तेवढाच. बारा महिने, अकरा खोकले. बाराव्यानंतर नाही. मामी बाराव्यानंतर कधीच खोकायची नाही, यादीची घडी घालायची.

त्यांनी समोरची यादी पाहिली. तिची घडी घातलेली होती.

मामा पळून गेले नाहीत. मला म्हणाले, "घाबरायचं कशाला? माझंच माणूस."

दुसऱ्या वर्षी आवाज आला.

ते स्वतः वाचायला तोंड उघडतात, तोच... "एक, रविवार, लाल." पाण्याच्या तळातून यावा तसा लांबचा. पण तिचा. मामा खुणा करत गेले. महिने जात होते. मग चंद्राची सुट्टी आली.

"अठरा... शुक्रवार..."

आणि पुढे काही नाही.

लाल नाही, काळी नाही. ती थांबली होती. वाट बघत होती.

तेवढ्यात खिडकीपलीकडून...

टण... टण... टण.

शाळा छापखान्यापासून दोन कोसांवर. आणि सुट्टीचा दिवस.

मामा उठले, दाराला कुलूप लावलं, निघून आले. त्या तारखेपासून पुढचं सगळं बिनखुणेचं राहिलं. दुसऱ्या दिवशी फोरमननं ते तपासलं.

ते वर्ष त्यांनी कसं काढलं, त्यांचं त्यांना ठाऊक. मला एवढं दिसत होतं की, शाळेची घंटा वाजली की ते कानांवर हात ठेवतात. मला वाटायचं, वय झालं.

तिसऱ्या वर्षी दुपारी तीन वाजता ते पुन्हा त्या खोलीत होते. आवाज आला. वाचत गेला. आणि तिथंच येऊन थांबला.

"सात... बुधवार..."

घंटा वाजली. मामांनी पेन्सिल खाली ठेवली.

"अगं," ते म्हणाले, "ऐक. त्या वर्षीचा तो मंगळवार काळा होता. मला माहीत होतं. कागद आला होता, मी विसरलो. पण त्या दिवशी घंटा वाजली तेव्हा मला आठवलं. दवाखाना उघडा होता. मी बोललो नाही. लाजेनं बोललो नाही. तुला मी मारलं."

खोलीत काही हललं नाही. उन्हात धूळ तरंगत होती, तीही थांबल्यासारखी.

मग समोरून, अगदी जवळून, पाण्याच्या तळातून नव्हे, टेबलाच्या पलीकडून...

"अहो... मलाही ऐकू आली होती."

मामा टेबलावर पुढे झुकले.

"तुला? मग... मग बोलली का नाहीस?"

आणि मग आवाज आला, त्यात थोडं हसू होतं.

"माझे पत्ते चांगले आले होते."

मामा टेबलावर डोकं ठेवून रडले. एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन रडला. डोकं वर केलं तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. समोरच्या यादीवर जाड, मिऱ्याएवढी टिंबं होती. बुधवार सातपर्यंत.

पुढे एकही नाही.

त्यानंतर ती आली नाही. चौथ्या वर्षी नाही, पाचव्या वर्षी नाही. मामा सुट्टी असेल त्या दिवशी सकाळपासून जाऊन बसतात. यादी ठेवतात, पेन्सिल ठेवतात. खोकला नाही, घंटा नाही, काही नाही.

"सांगायला नको होतं," ते मला म्हणाले. "एकदा बोललो नाही म्हणून गेली. एकदा बोललो म्हणून गेली. गप्प राहिलो असतो तर दर वर्षी तेवढ्यापुरती तरी आली असती."

मी म्हटलं, यंदा वाचायला मी येते.

आता मामांची एक नवी तऱ्हा आहे. पहिल्या प्रुफात ते मुद्दाम एक चूक सोडतात. एखादी काळी तारीख लाल. कुठली, ते कुणाला सांगत नाहीत. शेवटच्या वाचनात मी ती शोधायची. मला ठाऊक आहे, ती माझ्यासाठी सोडलेली नसते.

गेल्या सुट्टीला आम्ही दोघं त्या खोलीत बसलो. मी मामीच्या खुर्चीत. मामा खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. सुरुवात करण्याआधी मी नुसतं प्रूफ चाळलं.

सहाव्या महिन्यात, एका गुरुवारी, लाल तारीख होती. यादीत ती नव्हती. हीच ती चूक.

तिच्याभोवती आधीच गोल केलेला होता... जाड, बोथट पेन्सिलीचा. शेजारी मिऱ्याएवढं टिंब.

प्रूफ आदल्या संध्याकाळी यंत्रावरून निघून थेट पाकिटात बंद झालं होतं. पाकीट मीच फोडलं होतं. माझ्या हातातली पेन्सिल नवी होती, टोकदार.

माझ्या पाठीला खुर्ची कोमट लागत होती. मी येऊन जेमतेम मिनिटभर झालं होतं.

"सापडली का गं चूक?" मामांनी न वळता विचारलं.

माझ्या ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर त्यांचा चेहरा कसा फुलला असता, ते दिसत होतं. पण मागच्या वेळी बोलल्यावर काय झालं, तेही माहीत होतं.

"नाही अजून," मी म्हटलं.

आणि तेवढ्यात, बंद खिडकीपलीकडून, फार लांबून...

टण... टण... टण.

मामांचा चष्मा पुसणारा हात थांबला. क्षणभरच. मग पुन्हा पुसायला लागला.

त्यांना ऐकू आली का, मी विचारलं नाही. तेही काही बोलले नाहीत.

"वाच," ते म्हणाले.